मावशींचा नंबर

पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं आणि खानावळी एकमेकांवर जगतात. चार वर्षं मीही मेसचंच जेवलो. पुढे अ‍ॅप करायला घेतलं तेही त्याच ओढीनं: जवळची खानावळ, पोळीभाजी केंद्र, घरी येऊन स्वयंपाक करणाऱ्या मावशी, सगळं एका नकाशावर.

पहिली चूक पहिल्याच रविवारी कळली. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हे मला पाठ होतं. तरी अ‍ॅपमध्ये सातही दिवसांना एकच वेळ ठेवली. ‘चालू आहे’ वाचून पोरं भुकेली जाऊन कुलूप बघून आली. शिव्या मला पडल्या, त्या रास्तच होत्या. असं अ‍ॅप करणार असाल तर वेळा वारागणिक घ्या, सकाळ-संध्याकाळ वेगळ्या घ्या.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मावशींचे मोबाइल नंबर मी यादीत उघडे ठेवले होते, घराची खूणही नकाशावर होती. आठवड्याभरात एकींचा मुलगा भेटायला आला. आईला रात्री अकरानंतर फोन येत होते आणि त्यांत स्वयंपाकाचं कुणी विचारत नव्हतं. ओटीपी घेऊन संमती घेतली होती, असं मी म्हणालो. “दादा, ओटीपी मी सांगितला. नंबर कुठं लागलाय हे आईला ठाऊकच नाही.” त्या रात्रीच यादी बंद केली.

आता नंबर कुणालाच दिसत नाही. किती माणसं, एक वेळ की दोन वेळ, कांदा-लसूण चालतो का, एवढं गिऱ्हाईक लिहितं. पटलं तर मावशीच फोन करतात. नकाशावर घराऐवजी नुसती पेठ. संमतीचा मजकूर मराठीत, आणि आम्ही तो त्यांना समोर बसून वाचून दाखवतो. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदाही समजून दिलेलीच संमती मानतो, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे म्हणतो. म्हणून ‘माझं नाव काढा’ हे बटण पहिल्याच पानावर ठेवा.

घरून डबे देणाऱ्यांची अन्नसुरक्षेची नोंदणी तपासूनच नाव लावा. नसेल तर तो फॉर्म त्यांच्याबरोबर बसून भरा. आम्ही भरले तेव्हा छोट्या व्यावसायिकाला वर्षाची फी १०० रुपये होती. अडतं ते पैशापाशी नाही, कागदपत्रं अपलोड करण्यापाशी.

रात्री फोन येत होते त्या मावशींना शेवटी नंबर बदलावा लागला. त्यात दोन घरची कामं सुटली.