जात्यावरील ओवी आणि बेटावरील गीत

इ. स. १९५१ मध्यें स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं लोकगीतांची एक मैफल झाली. ती हॅमिश हेंडरसन या संग्राहकानें भरविली व ॲलन लोमॅक्स या अमेरिकन संशोधकानें ध्वनिमुद्रित केली. गाणारे बहुतेक पेशाचे गवई नव्हते. कोणी शेतकरी, कोणी गांवोगांव हिंडणारा मजूर, तर कोणी फ्लोरा मॅक्नीलसारखी बॅरा बेटावरून येऊन टेलिफोनच्या कचेरींत नोकरी करणारी तरुणी.

आम्हीं तें मुद्रण ऐकिलें. फ्लोराबाईंच्या गेलिक भाषेंतील एकही शब्द आम्हांस कळत नव्हता. तथापि गळ्याचें वळण परकें वाटेना. असें कां व्हावें, याचा शोध घेतां त्या बेटांवरील एक जुनी चाल कळली. मागावरून उतरलेलें लोकरीचें कापड तेथें भिजवून व कुटून घट्ट करावें लागे. बायका लांब फळीभोंवतीं बसत, ओलें कापड फळीवर आपटीत आणि हातोहात पुढें सरकवीत. एकीनें कडवें म्हणावें, बाकीच्यांनीं पालुपद धरावें; पालुपदाचे शब्द बहुधा निरर्थक, केवळ हातांस ताल देणारे. कडव्यांत मात्र प्रेम, विरह, बुडालेल्या नावाड्याचा शोक, सर्व कांहीं येई.

विद्यार्थिमित्रांनो, हें वाचतांच तुम्हांस आजीचें जातें आठवलें असेल. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत (इ. स. ११२९) महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधीं दीडशें वर्षांहून अधिक काळ ओवी मुसळाच्या घावावर चालत होती.

पुढें तिकडे कापडाचे कारखाने आले, इकडे पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट हलके झाले, याबद्दल कोणी हळहळूं नये. पहांटेच्या अंधारांत पायलीभर जोंधळा दळणें म्हणजे काय, तें दळणारीसच ठाऊक! परंतु कामाबरोबर गाणेंही उठून गेलें. खुंटा हातीं आल्यावांचून पुष्कळींना ओवी आठवतच नाहीं.

म्हणूनच पुण्याच्या हेमा रैरकर व मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांचें कार्य आम्हांस फार मोलाचें वाटतें. त्यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील हजारांहून अधिक गांवीं फिरून लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या आणि अनेक ओव्यांचें ध्वनिमुद्रणही करविलें. त्यांत ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. सीतेच्या वनवासाच्या त्यांच्या ओव्या ऐकतांना मन गलबलून जातें. हें मुद्रण झालें तेव्हां आपला साखरा आणि ताडकळस एकाच परभणी जिल्ह्यांत होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं निराळा झाला. एडिंबरोचा सूर आम्हांस परका कां वाटला नाहीं, याचें उत्तर असें शेजारींच सांपडलें.

लग्नाच्या हळदीस अजून जात्याला सुपारी बांधतात आणि ओव्या म्हणतात. म्हणणाऱ्या बहुधा साठी उलटलेल्या असतात. त्या वेळीं वही घेऊन जवळ बसावें. मागाहून "सांग बरें आजी" म्हणून लिहून घेण्यापेक्षां खुंटा फिरत असतांनाच लिहावें.