क्रेडिट घेणारं कोण, ते आधी विचार

जालना, २ जून २०२५

चि. सोनी,

दहावीचा निकाल लागल्यापासून तुमच्या घरात एकच विषय चालू आहे, हे माझी ताई, म्हणजे तुझी आई, रोज फोनवर सांगते. पण तू स्वतः विचारलेला प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला, म्हणून फोनवर दोन वाक्यांत न उरकता सविस्तर लिहितोय. टेक्सासमधला तुझा आतेभाऊ शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेतो, ते पुढे पदवीत धरले जाणार, त्याचं जवळजवळ एक वर्ष वाचणार. आपल्याकडे असं काही आहे का, आणि असेल तर मंठ्याच्या शाळेतून निघालेल्या मुलीला ते मिळतं का, असं तू विचारलंस.

आधी त्याच्याकडचं समजून घे. तिथे त्याला ‘ड्युअल क्रेडिट’ म्हणतात. शाळेचा विद्यार्थी जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा विषय घेतो, पास झाला की तो शाळेच्याही खात्यावर चढतो आणि कॉलेजच्याही. पण त्याचं वर्ष वाचतंय ते केवळ त्याच्या हुशारीमुळे नाही. टेक्सासमध्ये ४२ क्रेडिटचा एक सामायिक पाया ठरवलेला आहे आणि राज्यातल्या सरकारी विद्यापीठांनी तो एकमेकांचा मान्य करायचा असा कायदा आहे. हाच मुलगा उद्या दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या खासगी विद्यापीठात गेला, तर तेच क्रेडिट ते धरतीलच असं नाही. म्हणजे खरी करामत क्रेडिट मिळवण्यात नाही, ते घेणारं कोणीतरी बांधील असण्यात आहे.

मोंढ्यात आडत्याने दिलेली पट्टी त्याच्याच पेढीवर वटते, शेजारच्या पेढीवर नाही. दाजींना विचार, ते लगेच सांगतील. क्रेडिटचं अगदी तसंच आहे. या पत्रातलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण कुठलाही कोर्स सुरू करण्याआधी ‘हे पुढे कोण मोजणार?’ हे विचारायला विसरू नकोस.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण घरात कोणीतरी म्हणेल की हे सगळं पहिल्या नंबरवाल्यांसाठी असतं. न्यूयॉर्कमध्ये लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात १९७४ साली ‘मिडल कॉलेज हायस्कूल’ नावाची शाळा निघाली, ती हुशार म्हणून निवडलेल्या मुलांसाठी नव्हती. जी मुलं शाळा अर्ध्यात सोडतील अशी भीती होती, त्यांना कॉलेजच्या आवारात आणून बसवलं, की त्यांना पुढचं शिक्षण आपलं वाटावं. मला ही कल्पना फार पटते. आपल्या जिल्ह्यात दहावी-बारावीनंतर किती मुली घरी बसतात हे मी तुला सांगायला नको. तुझ्या वर्गातल्याच मोज.

आता आपल्याकडचं. जुलै २०२० मध्ये नवं शैक्षणिक धोरण आलं. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू केली, म्हणजे विद्यार्थ्याच्या नावाचं खातं, ज्यात कॉलेजचे क्रेडिट जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. शाळेने तुमच्या पालकांची संमती घेऊन जो बारा अंकी ‘अपार’ क्रमांक काढला, तो याच साखळीतला. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात शाळेचं शिकणंही मोजायला घेतलं: वर्षाला १२०० तासांचं शिकणं म्हणजे ४० क्रेडिट, साधारण ३० तासांना एक. हे वाचून तुला वाटलं असेल की अकरावी-बारावीचे ऐंशी क्रेडिट खिशात घालून मी थेट पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला जाऊन बसेन. तसं होत नाही. आराखड्यात पायऱ्या आहेत. दहावी म्हणजे पायरी ३, बारावी म्हणजे ४, पदवीचं पहिलं वर्ष म्हणजे ४.५. बारावीचे क्रेडिट तुला चौथ्या पायरीवर आणून उभं करतात, पुढची पायरी तुझ्याऐवजी चढत नाहीत. खात्यात आकडा दिसतो म्हणून पदवीतले विषय माफ होतात, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

मग सोळाव्या-सतराव्या वर्षी केलेला कॉलेजचा अभ्यास पदवीत खरोखर धरला जातो अशी भरवशाची वाट कोणती? मी जिच्यात उभी नोकरी काढली तीच: दहावीनंतरचा डिप्लोमा. तिला कोणी ‘अर्ली कॉलेज’ म्हणत नाही, पण काम तेच आहे. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश दहावीच्या गुणांवर, वेगळी परीक्षा नाही. आपल्या जिल्ह्यात जालन्याला नागेवाडीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, अंबडलाही आहे. तीन वर्षांनी पदविका हातात येते आणि मग इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. पहिलं वर्ष तुझ्या डिप्लोम्यात मोजलं गेलं. यात घेणारा बांधील आहे, कारण थेट द्वितीय वर्षाच्या जागा नियमाने ठेवलेल्या असतात आणि त्यांची स्वतंत्र केंद्रीय प्रवेश (कॅप) फेरी होते.

पण वर्ष वाचतं का? बोटांवर मोज. अकरावी, बारावी आणि चार वर्षं पदवी, झाली सहा. तीन वर्षं डिप्लोमा आणि तीन वर्षं पदवी, तीही सहाच. एक दिवससुद्धा वाचत नाही. फरक मधल्या थांब्यात आहे. अकरावीच्या वाटेवर तिसऱ्या वर्षाअखेरीस तुझ्या हातात बारावीची गुणपत्रिका आणि पदवीचं एक वर्ष असेल, ज्यावर सहसा कोणी कामावर ठेवत नाही. डिप्लोम्याच्या वाटेवर त्याच दिवशी तू कनिष्ठ अभियंता म्हणून अर्ज करू शकतेस. एखाद्या साली पाऊस पडला नाही, मोसंबीची बाग वाळली आणि शिक्षण दोन वर्षं थांबवावं लागलं, तरी हाताशी काहीतरी असतं. घरात लग्नाचं बोलणं निघालं तर ‘अजून शिकतेय’ यापेक्षा ‘नोकरी करतेय’ हे उत्तर जास्त टिकतं. मी हे स्पष्ट लिहितोय, कारण ताईच्या बाबतीत ते कोणी वेळेवर लिहिलं नाही.

आता वर्गात काय घडतं तेही सांगतो, नाहीतर हा सगळा हिशोबच राहील. आमच्या प्रयोगशाळेत सामर्थ्य तपासणीचं मोठं यंत्र असतं, यूटीएम. आपल्या जालन्याच्या रोलिंग मिलची बारा मिलिमीटरची सळई आणायची, दोन्ही टोकं जबड्यांत घट्ट पकडायची आणि ओढ वाढवत न्यायची. मुलं आधी कागदावर हिशोब करतात: बारा मिमीच्या सळईचं क्षेत्रफळ साधारण ११३ चौरस मिमी, एफई-५०० प्रतीला दर चौरस मिमीला किमान ५०० न्यूटन, म्हणजे साडेपाच टनांहून जास्त ओढ तिने कायमची न ताणता सोसायला हवी. काटा तिथवर पोचेपर्यंत सगळे शांत असतात. मग सळई लांबू लागते, खवले झडतात, मध्ये एका जागी ती कमरेसारखी बारीक होते, आणि बंदुकीचा बार व्हावा तशी तुटते. तुटलेलं टोक हाताला गरम लागतं. सोळा वर्षांची मुलगी ते गरम टोक हातात धरून विचारते, ‘सर, ही मध्येच का तुटली, टोकाला का नाही?’ ओढ आणि लांबण्याचा आलेख अकरावीच्या पुस्तकातही आहे. पण हा प्रश्न पुस्तकापाशी सुचणं अवघड. शाळेच्या वयात कॉलेजचं काम करायला मिळणं म्हणजे माझ्या लेखी हे.

या वाटेवर काय गमवावं लागतं तेही ऐक. डिप्लोम्याला गेलीस की बारावी नाही. जीवशास्त्रासह बारावी नाही म्हणजे ‘नीट’ परीक्षा नाही, डॉक्टरकीचा विचार तिथेच संपतो. मनाच्या कोपऱ्यात तो असेल तर आत्ताच सांग, तीन वर्षांनी नको. दुसरं, गणित. डिप्लोम्याचं गणित अकरावी-बारावीच्या मानाने हलकं आहे, आणि थेट दुसऱ्या वर्षात गेल्यावर पदवीचं तिसऱ्या सत्राचं गणित एकदम समोर येतं. डिप्लोम्यात पहिल्या रांगेत असलेली मुलं तिथे अडखळताना मी पाहिली आहेत. त्यावर इलाज एकच: डिप्लोमा करताना अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं शेजारी ठेवायची आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी ती सोडवायची. इंग्रजीची भीती मात्र फार बाळगू नकोस. मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय ठेवला आहे आणि यंत्रापुढे उभं राहिलं की शब्द आपोआप तोंडात बसतात.

अकरावीच घ्यायची ठरवलीस तर तेही चांगलंच आहे, मी अडवणार नाही. जालना शहरापासून थोड्या अंतरावर सिरसवाडीला मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं (आयसीटी) मराठवाडा केंद्र २०१८ मध्ये सुरू झालं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था आज आपल्या दारात आहे. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. सुरू केला गेला. बी.टेक. आणि एम.टेक. वेगवेगळं केलं तर सहा वर्षं, इथे पाच. वर्ष वाचवायचंच असेल तर ते असं वाचतं, पण त्याआधी दोन वर्षं घट्ट बसून प्रवेश परीक्षेचा अभ्यास करावा लागतो.

अकरावीत असताना कॉलेजचा अभ्यास चाखून बघायचा असेल तर दोन गोष्टी सुचवतो. एनपीटीईएलचे कोर्स कोणालाही फुकट ऐकता येतात, परीक्षा द्यायची तरच शुल्क. त्यातला एक मनापासून कर, पण ज्ञानासाठी कर. हे कोर्स ‘स्वयम’ या सरकारी मंचावर चालतात, आणि स्वयमच्या कोर्सचे क्रेडिट पदवीत धरण्याचे यूजीसीचे नियम आहेत, पण त्यात तू त्या वेळी ज्या कॉलेजात शिकतेस त्याने तो कोर्स मान्य केलेला असावा लागतो. अकरावीतल्या मुलीमागे असं कॉलेजच नसतं. दुसरी गोष्ट, आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस पदवी. अकरावीची परीक्षा झाल्यावर तिच्या पात्रता फेरीला बसता येतं: चार आठवड्यांचा खरा अभ्यासक्रम, त्यावर केंद्रावर जाऊन परीक्षा. पास झालीस तर जागा राखली जाते आणि बारावीनंतर रुजू होता येतं. यात क्रेडिट मिळत नाही, पण कॉलेजचा वेग आपल्याला झेपतो का हे सोळा-सतराव्या वर्षी कळतं, आणि इथे घेणारा कोण हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. जालन्यापासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘इंटिग्रेटेड’ असे फलक दिसतात. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी अर्थ एवढाच की नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुलगी दिवसभर क्लासमध्ये. प्रयोगशाळेचं दार दोन वर्षांत उघडतच नाही. त्यात कॉलेजचं काहीही नाही आणि शाळेचंही फारसं उरत नाही. ‘क्रेडिट मिळेल’ म्हणून मोबाइलवर कोर्स विकणारे आता वाढले आहेत. कोणती संस्था, कोणत्या विद्यापीठात, कोणत्या नियमाने, हे तीन प्रश्न लेखी विचार. उत्तर न देता ‘आधी नोंदणी करा’ म्हणाले की फोन ठेवून दे.

आणि घाई थोडी कमी कर, बाळ. पदवीला गेल्यावर लवकर संपवायची सोयही आता आली आहे. यूजीसीच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे, पहिल्या दोन सत्रांतली तयारी बघून निवडक विद्यार्थ्यांना तीन वर्षांची पदवी अडीच वर्षांत पूर्ण करता येते. तेव्हा ताकद असेल तर तिथे दाखव. आज सोळाव्या वर्षी सहा महिने वाचवण्यासाठी गणिताचं एखादं प्रकरण कच्चं ठेवू नकोस.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. गेल्या दिवाळीत शेतावरच्या मोटारीचा स्टार्टर सारखा पडत होता, तेव्हा वायरमनची वाट न बघता मेन बंद करून तू झाकण उघडलंस आणि काळवंडलेला संपर्क दाखवून ‘मामा, हा घासला तर?’ असं विचारलंस. संगणक शाखा सगळ्या मैत्रिणी घेताहेत म्हणून तूही घ्यावीस असं मला वाटत नाही. इलेक्ट्रिकल, डिप्लोमा, शासकीय तंत्रनिकेतन, हे माझ्या मनात आहे. पण अर्जात शाखांचा क्रम तू लावायचास, मी नाही आणि दाजींनीही नाही.

खर्चाचं दाजींना सांग. शासकीय तंत्रनिकेतनाचं शुल्क खासगीच्या मानाने बरंच कमी आहे. पुढे कॅपमधून इंजिनिअरिंगच्या पदवीला गेलीस तर २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्याची काळजी नको. मामीने मागची खोली रिकामी केली आहे.

या आठवड्यात एवढं कर. शाळेतून मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घे. सेतू केंद्रात जाऊन उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला टाक, ज्या प्रवर्गातून अर्ज भरायचा त्याचीही कागदपत्रं बघ. तहसीलला जूनमध्ये गर्दी असते, सकाळी लवकर जा. अपारवरचं नाव आणि जन्मतारीख गुणपत्रिकेशी अक्षर न अक्षर जुळते का ते तपास. जुळत नसेल तर शाळेतूनच दुरुस्त करून घे, नंतर फार हेलपाटे होतात. अकरावीचा ऑनलाइन अर्जही भरून ठेव. दोन्हीकडे नाव असलेलं बरं. रविवारी दाजींबरोबर ये, आपण नागेवाडीला जाऊन प्रयोगशाळा बघू. तिथल्या शिक्षकांना जे विचारायचं ते वहीत लिहून आण.

ताईला नमस्कार, दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा