‘स्मृतिचित्रे’तील भिन्नधर्मीय संसार : धर्मांतर, विवाह आणि कुटुंब

भिन्नधर्मीय विवाहाचा प्रश्न साहित्यात बहुधा दोन अविवाहित व्यक्तींच्या प्रेमाच्या रूपाने येतो. प्रेम आधी जमते, घराण्यांचा विरोध त्यानंतर होतो आणि शेवटी विवाह किंवा ताटातूट, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’त हा क्रम उलटा आहे. येथे विवाह आधी झालेला आहे, तोही एका जातीत, वडीलधाऱ्यांच्या संमतीने आणि रूढ विधीने. धर्माची सीमा त्या संसाराच्या मधोमध नंतर आखली गेली. त्यामुळे घरातील दोन माणसांचा धर्म वेगळा झाला म्हणजे नेमके काय वेगळे होते, हा प्रश्न या ग्रंथात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मनकर्णिका गोखले (जन्म १८६८) यांचा विवाह बालवयात नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या वेळी मुलगा दत्तू, म्हणजे पुढील काळातील देवदत्त टिळक, अवघा चार वर्षांचा होता. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाई पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीजवळ राहावयास गेल्या, त्याही हिंदू म्हणून. १९०० मध्ये त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या त्या १९३४ पासून, चार भागांत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले, त्या वेळी चौथा भाग अपुरा होता. तो देवदत्त टिळकांनी पूर्ण केला.

या घटनाक्रमाचा एक सोपा अर्थ लावला जातो. पती गेला त्या वाटेने पत्नीही गेली, म्हणजे धर्म बदलला तरी पातिव्रत्याची चौकट बदलली नाही, असा हा अर्थ. तो सर्वस्वी निराधार नाही. पतीविषयीची ओढ लक्ष्मीबाईंनी कोठेही लपविलेली नाही आणि पतीजवळ जाण्याचा निर्णय प्रामुख्याने त्या ओढीतूनच झालेला आहे. परंतु पतीजवळ जाणे आणि पतीचा धर्म स्वीकारणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पातिव्रत्याच्या चौकटीत त्या एकच ठरल्या असत्या, ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्यामध्ये बराच अवधी आहे. सर्व अर्थ या अवधीत आहे.

या अवधीत एका छताखाली दोन धर्म नांदत होते. पतिपत्नींमध्ये ईश्वर एक की अनेक, तारण कशाने होते, यांवरून संसार अडत नाही. तो अडतो तो पाण्यापाशी आणि चुलीपाशी. पाणी कोणी भरावयाचे, कोणाच्या हातचे खावयाचे, मुलाने कोणाच्या पंक्तीस बसावयाचे, हे खरे प्रश्न आहेत. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांचे सोवळे विकोपास गेलेले होते. त्याची वर्णने ग्रंथाच्या आरंभीच येतात आणि विनोदी असल्यामुळे वाचकांच्या स्मरणात राहतात. परंतु त्यांचे रचनेतील स्थान केवळ विनोदापुरते नाही. सोवळ्याने आपल्याच माणसांचे जिणे कसे कठीण होते, हे वाचकाने बालपणीच्या प्रकरणांत पाहिलेले असते. म्हणून पुढे तेच सोवळे पतिपत्नींमध्ये उभे राहते, तेव्हा ते त्याला अनोळखी वाटत नाही.

लक्ष्मीबाईंच्या मनातील बदलाचा क्रमही याच दिशेचा आहे. प्रथम जातिभेद हा ईश्वरनिर्मित नसून मनुष्यनिर्मित आहे, ही खूणगाठ पटते. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निर्धार होतो आणि दीक्षेचा प्रश्न त्याही पुढचा राहतो. म्हणजे ओलांडलेली पहिली सीमा धर्माची नसून शिवाशिवीची आहे. धर्मांतराने संसार जोडला, असे म्हणण्यापेक्षा शिवाशीव गेल्यामुळे संसार पुन्हा शक्य झाला आणि धर्मांतर त्यानंतर आले, असे म्हणणे संहितेला अधिक धरून होईल.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. हे लेखन घटनांनंतर बऱ्याच वर्षांनी, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीने केलेले आहे. घडून गेलेल्या गोष्टींना उत्तरकाळात अधिक नेटका क्रम मिळणे स्वाभाविक आहे. तथापि तसा क्रम लावताना धर्मसिद्धान्तास अग्रस्थान देणे लेखिकेला सहज शक्य होते. तिने ते चुलीला आणि पाण्याला दिले, ही निवडच अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

तत्कालीन कायद्याची पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे या संसाराचे वेगळेपण अधिक ठळक होते. १८६६ च्या कायद्यानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीबरोबर राहण्यास जोडीदाराने धर्मांतराच्या कारणाने नकार दिल्यास, न्यायालयामार्फत आणि एक वर्षाच्या मुदतीनंतर, विवाहविच्छेद मिळू शकत होता. दुसरीकडे, पत्नीस नांदावयास पाठविण्याची सक्ती न्यायालय करू शकते की नाही, हा वाद रखमाबाईंच्या खटल्याने १८८४ ते १८८८ या काळात महाराष्ट्रभर गाजविला होता. विच्छेद आणि सक्ती या दोन्ही वाटा ज्ञात असता टिळकांचा संसार तिसऱ्याच वाटेने, म्हणजे वाट पाहण्याच्या मार्गाने टिकला. या प्रतीक्षेचा भार मात्र समान नव्हता. निर्णय पतीने घेतला आणि त्याचे उत्तर आप्तांना देण्याचे काम पत्नीच्या वाट्यास आले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हाही या विषमतेची पुनरावृत्ती झालेली दिसते. पतीविषयीच्या आदरासोबत ‘स्मृतिचित्रे’त सतत वाहणारा मिस्कील उपरोध हा या विषमतेची नोंद ठेवणारा स्वर आहे. केवळ स्वभावविशेष म्हणून त्याची बोळवण करणे योग्य नव्हे.

हा विचार आजच्या विवाहप्रश्नालाही लागू पडतो. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावयाचे तर वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही प्रमुख धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. १९५४ च्या कायद्याने ही अट काढली आणि आपापला धर्म राखून विवाह करण्याचा मार्ग खुला केला. मावळातील कुरवंड्यासारख्या गावातील तरुण-तरुणीही भिन्नधर्मीय असल्यास या कायद्यान्वये विवाह करू शकतात. मात्र जेथे दोघांपैकी एकाचे किमान तीस दिवस वास्तव्य आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यास सूचना द्यावी लागते. ती कार्यालयात लावली जाते आणि हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत असते. याच मुदतीत घरच्यांच्या अपेक्षा दबावाचे रूप घेऊ शकतात. शिवाय अविभक्त हिंदू कुटुंबातील व्यक्तीने अन्य धर्मीयाशी, म्हणजे मुसलमान वा ख्रिस्ती व्यक्तीशी, या कायद्याखाली विवाह केल्यास ती त्या कुटुंबापासून विभक्त झाल्याचे कायदा मानतो.

कायदा संमती नोंदवू शकतो, पंक्ती एक करू शकत नाही. विवाहनोंदणीनंतर सासरी-माहेरी कोणाच्या हातचे कोण खाणार, सणावाराला कोणी यावयाचे, मुलांना काय शिकवावयाचे, हे प्रश्न घरातच सोडवावे लागतात आणि बहुधा ते स्त्रीकडेच सोपविले जातात. प्रेमकथा जेथे संपतात, तेथून पुढचा हा प्रदेश आहे. मराठीत त्याचे इतके बारकाईचे चित्रण करणारा ग्रंथ एका ब्राह्मण घरात वाढलेल्या, जेमतेम अक्षरओळख लाभलेल्या स्त्रीने लिहावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. धर्मांतराचे आत्मकथन म्हणून ‘स्मृतिचित्रे’चा अभ्यास पुष्कळ झाला आहे. भिन्नधर्मीय संसाराचे आत्मकथन म्हणून तो व्हावयास हवा.