प्रत आहे, पण परत मिळेल का?

रुग्णालयातील फाइल सर्व्हर आणि डिरेक्टरी सेवा यांच्या बॅकअपविषयी

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार यांवर अभ्यासपूर्ण लेख येतात. यंदा संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी थोडा निराळा विषय निवडला. हा विषय मी महाविद्यालयात शिकलो नाही. तो मला एका वळवाच्या पावसाने शिकविला. संगणकतज्ज्ञ वाचकांना यात नवे काही आढळणार नाही. परंतु ज्यांच्या दवाखान्यात चार-सहा संगणक एका सर्व्हरला जोडलेले आहेत आणि 'बॅकअप रोज होतो' एवढ्या एका वाक्यावर ज्यांचा भरवसा आहे, अशा माझ्या समव्यावसायिकांसाठी हा लेख आहे.

एका रात्रीची हकिकत

बेळगावातील मे महिन्याचा वळीव सर्वांच्या परिचयाचा आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी वीज कडाडली आणि आमच्या तीस खाटांच्या रुग्णालयातील सर्व्हर बंद पडला. त्यात एकमेकींचे प्रतिबिंब असलेल्या दोन डिस्क होत्या. एक गेली तर दुसरी चालेल, असा हिशेब होता. विजेने तो हिशेब मानला नाही. दोन्ही एकदम गेल्या. तरीही आम्ही निश्चिंत होतो, कारण बॅकअपची डिस्क सुरक्षित होती आणि बॅकअपचे सॉफ्टवेअर रोज सकाळी हिरवी खूण दाखवीत असे.

दुसऱ्या दिवशी हुबळीहून इंजिनिअर आले. त्यांनी नवा सर्व्हर बसविला, पूर्वीच्याच नावांनी सर्वांची खाती उघडली आणि डिस्कवरील फाइली परत चढविल्या. सर्व फोल्डर जागच्या जागी दिसू लागले. समाधानाने ते हुबळीला परतले. रात्री परिचारिकेने एक फोल्डर उघडला, तर पडद्यावर 'प्रवेश नाकारला' अशी सूचना आली. माझ्या नावानेही तेच झाले.

त्याच रात्री साडेबाराच्या सुमारास एका वृद्ध बाईंना न्यूमोनियाने धाप लागलेल्या अवस्थेत आणले. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडेच दाखल होत्या. सून म्हणाली, "डॉक्टर, मागल्या खेपेला आत्तींना कसलंसं इंजेक्शन सोसलं नव्हतं. नाव काय आठवत नाही." ते नाव आमच्या सर्व्हरवर होते, सर्वांच्या डोळ्यांसमोर आणि सर्वांना बंद. मुख्य पासवर्ड केवळ इंजिनिअरला ठाऊक होता आणि त्यांचा फोन लागत नव्हता. आम्ही संशयित गटातील औषधे टाळून लिव्होफ्लॉक्सासिन सुरू केले. सुनेने दिराला गावी पिटाळले. पहाटे चारला तो देव्हाऱ्यामागच्या पिशवीतले जुने डिस्चार्ज कार्ड घेऊन आला. त्यावर माझ्याच अक्षरात, लाल शाईने लिहिले होते : सेफ्ट्रायॲक्झोन, तीव्र प्रतिक्रिया. आम्ही बहुधा तेच दिले असते.

बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. परंतु त्या घराचा बॅकअप आमच्या रुग्णालयाच्या बॅकअपपेक्षा चांगला होता, ही गोष्ट मी विसरू शकलो नाही.

कागद आणि किल्ल्यांची वही

नेमके चुकले काय? आमच्या सर्व्हरवर दोन निराळ्या गोष्टी नांदत होत्या. पहिली म्हणजे फाइली : केस-पेपर, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज कार्डे, देयके. दुसरी म्हणजे डिरेक्टरी सेवा. कोण कर्मचारी आहे, त्याचा पासवर्ड कोणता, तो कोणत्या गटात मोडतो आणि कोणते संगणक आपल्या नेटवर्कचे सदस्य आहेत, याची ही नोंदवही. नॉव्हेल कंपनीने १९९३ साली नेटवेअर ४ बरोबर अशी सेवा आणली. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी रूढ झाली. २०१२ साली आलेल्या सांबा ४ मुळे लिनक्सवरही तसाच सर्व्हर उभारता येऊ लागला. फाइल सर्व्हर ही नोंदींची खोली मानली, तर डिरेक्टरी ही किल्ल्यांची वही होय.

आमच्या बॅकअपमध्ये फाइली होत्या, वही नव्हती. सॉफ्टवेअर बसविताना 'सिस्टिम स्टेट' नावाच्या चौकटीत खूण करावयाची राहिली होती. विंडोज सर्व्हरवरील डिरेक्टरीचा बॅकअप या चौकटीतून होतो. फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवण्याने तो होत नाही.

मग इंजिनिअरने त्याच नावांची खाती उघडूनही दारे का उघडली नाहीत? आपल्या ओपीडीत एकाच दिवशी एकाच नावाचे दोन पाटील येतात. आपण त्यांना नावावरून ओळखत नाही, केस-पेपर क्रमांकावरून ओळखतो. डिरेक्टरीही तेच करते. प्रत्येक खाते उघडताना ती त्याला एक लांबलचक सुरक्षा-क्रमांक देते आणि फाइलीवर परवानगी नोंदविली जाते ती त्या क्रमांकाची. नव्या डिरेक्टरीतील माझे नाव तेच होते, क्रमांक नवा होता. जुन्या फाइलींच्या दृष्टीने मी परका माणूस होतो.

इंजिनिअर परत आल्यावर त्यांनी मुख्य अधिकाराने फाइली उघडल्या, त्यामुळे माहिती गेली नाही. पण सगळे सर्वांना खुले करून टाकणे शक्य नव्हते. एचआयव्हीचे अहवाल कोणी पाहावेत, वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांची कागदपत्रे कोणी पाहावीत, हे सहा वर्षांत हळूहळू ठरत गेले होते आणि ते त्या डिरेक्टरीवाचून कोठेही लिहिलेले नव्हते. ते पुन्हा बसविण्यात तीन दिवस गेले. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या आचारविषयक विनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. आमचे ते बहात्तर तास नुसती कुलपे बसविण्यात संपले.

जुळे म्हणजे बॅकअप नव्हे

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे डिरेक्टरीचे दोन सर्व्हर ठेवणे. तो उपाय चांगला आहे आणि शक्य असेल तर अवश्य करावा. एक यंत्र बंद पडले तर दुसऱ्यावर काम चालू राहते. परंतु हे दोन सर्व्हर एकमेकांशी सतत जुळवून घेत असतात. एकावर चुकून खाते पुसले गेले, तर ते पुसणेही थोड्याच वेळात दुसऱ्यावर पोहोचते. जुळ्यांपैकी एकास झालेला संसर्ग दुसऱ्याला टळत नाही.

याचे जगाने पाहिलेले उदाहरण २७ जून २०१७ चे. त्या दिवशी 'नॉटपेट्या' या विध्वंसक प्रणालीने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचे संगणक निकामी केले. पुढे वृत्तांतांतून प्रसिद्ध झालेल्या हकिकतीनुसार कंपनीच्या डिरेक्टरीचे जगभर सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि ते एकमेकांच्या प्रती असल्यामुळे वेगळा बॅकअप फारसा आवश्यक मानला गेला नव्हता. ते सर्व एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो घानामधील एक, आणि तोही हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे बंद होता म्हणून. ती डिस्क माणसाकरवी नायजेरियामार्गे इंग्लंडला पोहोचविण्यात आली आणि तिच्यावरून डिरेक्टरी पुन्हा उभी राहिली. कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसविले. आमचा सर्व्हर विजेने बुडविला. मर्स्कला वीज गेल्याने तारले. दोन्हींपैकी कोणत्याही योगायोगावर विसंबून राहता येत नाही.

मांडणी कशी करावी

सॉफ्टवेअर कोणतेही असो, बसविण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. किती तासांचे काम गेले तर पुन्हा भरून काढता येईल? आणि किती तास सर्व्हरवाचून रुग्णालय चालू शकेल? ही उत्तरे डॉक्टरांनी द्यावयाची आहेत, इंजिनिअरने नव्हे. त्यांवरून पुढील गोष्टी ठरतात.

१) काय घ्यावयाचे : फाइली, रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस आणि डिरेक्टरी, ही तिन्ही. डेटाबेस दिवसरात्र उघडा असतो. उघडी फाइल नुसती उचलली तर प्रत अर्धवट निघू शकते. विंडोज सर्व्हर २००३ पासून असलेली 'शॅडो कॉपी' ही सोय वापरणारे सॉफ्टवेअर किंवा डेटाबेसची स्वतःची बॅकअप-सोय वापरावी. डिरेक्टरीच्या सर्व्हरसाठी 'बेअर मेटल' हा पर्याय निवडावा. त्यात सिस्टिम स्टेट अंतर्भूत असते आणि कोऱ्या यंत्रावर संपूर्ण सर्व्हर उभा करता येतो. विंडोज सर्व्हर २००८ पासून ही सोय मूळ प्रणालीतच मिळते.

२) कसे घ्यावयाचे : समजा, एकूण माहिती २०० गिगाबाइट आहे आणि रोज ४ गिगाबाइट बदलते. रविवारी पूर्ण बॅकअप घेतला आणि सोमवार ते शनिवार केवळ आदल्या दिवसानंतरचे बदल घेतले, तर आठवड्याला २२४ गिगाबाइट जागा लागते. पण शनिवारची स्थिती परत आणण्यासाठी सातही प्रती शाबूत असाव्या लागतात. याउलट रोज रविवारनंतरचे सर्व बदल घेतले, तर २८४ गिगाबाइट लागतात, मात्र दोनच प्रतींवर काम भागते. जागेची अडचण नसेल तर लहान रुग्णालयाने दुसरा मार्ग पत्करावा, असे माझे मत आहे.

३) कोठे ठेवावयाचे : एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक वास्तूबाहेर. याखेरीज एक प्रत तरी नेटवर्कपासून तोडलेली असावी. सतत जोडलेली डिस्क सर्व्हरबरोबरच बाधित होते. आम्ही दोन डिस्क आलटून पालटून वापरतो. एक कपाटात, एक घरी, दोन्ही पासवर्डने कूटबद्ध केलेल्या.

४) कोणाच्या नावाने : बॅकअपसाठी स्वतंत्र खाते असावे आणि ते रोजच्या कामास वापरू नये. बॅकअपचे यंत्र त्याच डिरेक्टरीचे सदस्य करू नये. तसे केले, तर डिरेक्टरी कोसळल्यावर त्या यंत्रात शिरण्याचा मार्गही बंद होतो. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहते.

५) किती जुने चालेल : डिरेक्टरीचा बॅकअप शिळा होतो. पुसलेल्या खात्याची खूण ॲक्टिव्ह डिरेक्टरी ठरावीक काळ जपते. हा काळ सामान्यतः १८० दिवसांचा, जुन्या मांडणीत ६० दिवसांचा असतो. त्याहून जुनी प्रत परत चढविण्यास योग्य राहत नाही. म्हणून डिरेक्टरीची प्रत रोज घ्यावी. चुकून पुसलेले एखादे खाते परत आणण्यासाठी विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून डिरेक्टरीची 'रिसायकल बिन' उपलब्ध आहे, परंतु ती आधी चालू करून ठेवावी लागते.

६) पासवर्ड कोठे : डिरेक्टरी दुरुस्त करताना सर्व्हर एका विशेष अवस्थेत सुरू करावा लागतो. त्याचा पासवर्ड स्थापनेच्या दिवशी ठरविलेला असतो आणि बहुधा कोणाच्याच लक्षात नसतो. तो, मुख्य पासवर्ड आणि डिस्क कूटबद्ध करण्याचा पासवर्ड असे तिन्ही कागदावर लिहून, लिफाफा मोहोरबंद करून दोन ठिकाणी ठेवावेत. मध्यरात्री इंजिनिअरचा फोन लागेलच असे नाही.

परत मिळवून पाहणे

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला, तेव्हा शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध केली गेली. कित्येक दिवस नोंदणी आणि इतर कामे हाताने करावी लागली. अखेर ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती बाधित न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. एक प्रत वेगळी राहिली म्हणून एवढे मोठे रुग्णालय पूर्वपदावर आले.

परंतु वेगळी ठेवलेली प्रतही उघडून पाहिलेली असावी. हिरवी खूण एवढेच सांगते की सांगितलेले काम सॉफ्टवेअरने केले. काय सांगावयाचे राहिले, हे ती कधीच सांगत नाही. आमची खूण रोज हिरवी होती आणि ती खोटी नव्हती.

आता आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणत्याही पाच फाइली बॅकअपमधून काढतो आणि त्या डॉक्टरच्या नव्हे, परिचारिकेच्या खात्यातून उघडतो. वर्षातून एकदा, वळीव सुरू होण्यापूर्वी, नेटवर्कपासून तोडलेल्या एका वेगळ्या यंत्रावर संपूर्ण सर्व्हर डिरेक्टरीसह उभा करून पाहतो आणि त्यास लागलेला वेळ वहीत नोंदवितो. पहिल्या खेपेस अकरा तास लागले; गतवर्षी साडेतीन. शस्त्रक्रियागृहातील डिफिब्रिलेटर आपण गरज पडेपर्यंत तपासावयाचा ठेवीत नाही. बॅकअपलाही तोच न्याय लावावा.

त्या बाई अधूनमधून तपासणीस येतात. डिस्चार्ज कार्ड अजूनही प्लास्टिकच्या पिशवीत असते, आणि सून ते मी मागण्यापूर्वीच टेबलावर ठेवते. मी मुद्दाम संगणकावरही त्यांचा केस-पेपर उघडतो. दोन्हींवर लाल अक्षरांत तेच नाव आहे, याची खात्री करून मगच औषध लिहितो.