हाडांची यखनी

घरात कोणी आजारी पडले, की यखनी केली जाते. थंडीच्या दिवसांत पायाही शिजतो. यखनी हा शब्द फारसीतून उर्दूत आला. मराठीत तिच्या जवळचा पदार्थ म्हणजे अळणी रस्सा. ‘अळणी’ म्हणजे मीठ नसलेला. पण या रश्शात थोडे मीठ असते, नसतो तो तिखट मसाला. नावे दोन, युक्ती एकच! हाडांतील कस मंद आचेवर पाण्यात उतरवायचा.

आपले कोपरगाव गोदावरीच्या काठी वसले आहे. हिवाळ्यात येथे पहाटे गारठा पडतो. अशा वेळी गरम यखनी आणि बाजरीची भाकरी सर्वांनाच आवडते. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. बकरी ईदला तर हाडे घरातच उरतात. ती फेकून देऊ नका.

यखनी कशी करतात ते पाहू. बकऱ्याची नळीची आणि सांध्यांची एक किलो हाडे घ्या. स्वच्छ धुऊन मोठ्या पातेल्यात ठेवा. त्यात अडीच ते तीन लिटर थंड पाणी घाला आणि सावकाश उकळी आणा. वर फेस येईल. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना मळी काढतात, तसा हा फेस झाऱ्याने काढून टाका. मग आच मंद करा. चिरलेला कांदा, आले, लसूण, चार-पाच मिरे, दालचिनीचा तुकडा आणि चिमूटभर हळद घाला. चार-पाच तास शिजू द्या. पाणी खळखळ उकळू देऊ नका. ते हळूहळू हलत राहिले पाहिजे. शेवटी मीठ घालून गाळून घ्या. मोठ्या माणसांच्या मदतीशिवाय हे काम करू नका.

ही यखनी गार झाली, की वर चरबीचा थर जमतो आणि खाली ती थलथलीत होते. असे का होते? हाड दोन गोष्टींचे बनलेले असते. एक म्हणजे कोलाजेन नावाचे प्रथिन. त्यामुळे हाड चिवट होते. दुसरी म्हणजे चुन्याचे क्षार. त्यामुळे ते कठीण होते. बराच वेळ शिजल्यावर कोलाजेनचे जिलेटिन होते व ते पाण्यात उतरते. क्षार मात्र बहुतेक हाडातच राहतात. एक प्रयोग करून पाहा. कोंबडीचे स्वच्छ हाड काही दिवस सिरक्यात बुडवून ठेवा. सिरक्यात क्षार विरघळतात, कोलाजेन उरते आणि हाड रबरासारखे वाकते.

म्हणूनच यखनीत भरपूर कॅल्शियम असते, हा समज बरोबर नाही. दुधाच्या मानाने तिच्यात ते फारच थोडे असते.

चार-पाच तास चूल पेटती ठेवणे परवडत नसेल, तर प्रेशर कुकर वापरतात. त्यात तासाभरात काम होते. गंमत म्हणजे कुकरचा जन्मच हाडांसाठी झाला! डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये घट्ट झाकणाचे एक भांडे तयार केले. आत कोंडलेल्या वाफेमुळे पाणी १०० अंशांपेक्षा जास्त तापे आणि कठीण हाडेही मऊ होत.

पुढे पॅरिसमध्ये हाडांच्या जिलेटिनचे सूप गरिबांना आणि रुग्णांना देऊ लागले. ते मांसाइतकेच पौष्टिक आहे, असे काहींचे म्हणणे होते. तेथील विज्ञान अकादमीने याचा तपास केला. शास्त्रज्ञ माझांदी यांनी १८४१ साली अहवाल मांडला. केवळ जिलेटिनवर ठेवलेले कुत्रे जगू शकले नव्हते. याचे एक कारण आज आपल्याला माहीत आहे. शरीराला आवश्यक असलेले ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जिलेटिनमध्ये नसते.

यावरून काय शिकायचे? आजारी आजीला यखनी जरूर द्या. तिने घशाला आराम मिळतो, पोटात पाणी जाते, तोंडाला चव येते. पण दिवसेंदिवस केवळ यखनीवर तिला ठेवू नका. सोबत मऊ खिचडी, डाळ, अंडे किंवा दूध द्या. रक्तदाबाचा त्रास असेल, तर मीठ कमी घाला. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक काळजी घ्या. यखनी जशी आपल्याला आवडते, तशी जंतूंनाही आवडते. प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी मांसाचा अर्कच वापरतात. म्हणून उरलेली यखनी पसरट भांड्यात ओतून लवकर गार करा. दोन तासांच्या आत ती फ्रीजमध्ये ठेवा. तीन दिवसांत संपवा आणि पिण्यापूर्वी पुन्हा चांगली उकळा. घरी फ्रीज नसेल, तर लागेल तेवढीच करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती रात्रभर बाहेर ठेवणे धोक्याचे आहे.

ज्या हाडांना आपण टाकाऊ समजतो, ती एवढे देऊन जातात. ती काय देतात आणि काय देत नाहीत, हे दोन्ही जाणणाराच त्यांचा खरा उपयोग करू शकतो.

स्वाध्याय

१. गार झालेली यखनी थलथलीत का होते?
२. सिरक्यात ठेवलेले हाड वाकते, याचे कारण लिहा.
३. रुग्णाला केवळ यखनीवर का ठेवू नये?
४. ‘अळणी’, ‘चिवट’, ‘टाकाऊ’ हे शब्द वाक्यांत वापरा.
५. तुमच्या घरी यखनी कशी करतात, ते विचारून मराठीत आठ-दहा ओळी लिहा.