वर्दी, रात्रपाळी आणि पदवी

एनडीएतला कॅडेट तीन वर्षांनी बाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवीही असते. ड्रिल आणि डिग्री एकाच वेळापत्रकात बसवलेली असतात. पण आपल्यातले सगळेच सैन्यात जाणार नाहीत. काही जण पोलिसात जातील. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला बारावी पास पुरते, थेट उपनिरीक्षक व्हायचे तर पदवी लागते. घरच्या परिस्थितीमुळे जो बारावीनंतर लगेच भरती होतो, त्याला हे अंतर नोकरी करता करता, बहुतेक वेळा मोबाइलवर अभ्यास करून कापावे लागते. ते कसे जमते, हे या लेखात सांगायचे आहे.

पोलिसाला पदवी कशाला, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेतील बर्कले शहरात ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ मध्ये आपल्या पोलिसांसाठी शाळा काढली. १९१६ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने कॅलिफोर्निया विद्यापीठात पोलिसांना उपयोगी विषयांचे वर्ग सुरू झाले. पुढे त्यांनी विद्यापीठात शिकणारी मुले पोलिसात घेतली, तेव्हा लोक त्यांना ‘कॉलेज कॉप्स’ म्हणून हसत. गंमत म्हणजे व्होल्मर स्वतः प्राथमिक शाळेच्या पुढे फारसे शिकलेले नव्हते.

आजच्या काळातले सर्वात चांगले उदाहरण मला इंग्लंड आणि वेल्सचे वाटते. तिथे २०१८ पासून पोलिसात शिरण्याचा एक नवा मार्ग निघाला. उमेदवार आधी भरती होतो, पगार घेतो आणि तीन वर्षे काम करत ‘प्रोफेशनल पोलिसिंग प्रॅक्टिस’ या विषयाची पदवी मिळवतो. फी त्याला भरावी लागत नाही. वाचन, व्याख्याने आणि निबंध यांतला बराच भाग ऑनलाइन होऊ शकतो. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याने ड्युटीवर केलेले कामही पदवीत धरले जाते. जबाब कसा घेतला, अटक करताना काय केले, भांडण कसे सोडवले, याची तो नोंदवही ठेवतो आणि परीक्षक ती तपासतात. म्हणजे दिवसभराचे काम हाच अर्धा अभ्यास.

या योजनेला विरोधही झाला. उमेदवार अभ्यासाला बसले तर गस्तीला माणसे कमी पडतील, असे म्हणून लिंकनशायरचे पोलीस २०१९ मध्ये न्यायालयात गेले. ते हरले, पण २०२४ मध्ये पदवी नसलेला एक मार्ग तिथे पुन्हा खुला झाला. मला हा विरोध अगदीच चुकीचा वाटत नाही. अभ्यासाचे तास आकाशातून पडत नाहीत. ते गस्तीतून येतात, झोपेतून येतात किंवा घरच्यांच्या वाट्यातून येतात.

आता आपल्याकडचा हिशोब करू. इग्नूमध्ये एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात. तीन वर्षांच्या पदवीला सध्या किमान १२० क्रेडिट लागतात. म्हणजे ३६०० तास. तीन वर्षांत संपवायचे तर रोज जवळजवळ सव्वातीन तास, आणि तेही एकही दिवस न चुकवता! वेळ वाढवून सहा वर्षे घेतली तरी रोज सुमारे एक तास चाळीस मिनिटे होतात. अनेक ठाण्यांत पाळी बारा तासांची असते. उरलेल्या बारा तासांतून झोप, प्रवास आणि स्वयंपाक वजा करून पाहा. मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. ती योजना एका पोलीस शिपायानेच आखून आयुक्तांपुढे मांडली होती. माझ्या मते शिकणाऱ्या पोलिसाला फुकट इंटरनेटपेक्षा या चार तासांचा उपयोग जास्त होईल.

माझी मावशी पोलीस शिपाई आहे आणि मुक्त विद्यापीठातून बीए करते. ड्युटीवर ती पुस्तक उघडत नाही, हा तिचा नियम आहे. दिवसपाळी असली की पहाटे साडेचार ते सहा अभ्यास. रात्रपाळी असली की सकाळी आधी झोप आणि मुले शाळेतून येण्याच्या आत दोन तास वाचन. पाठ ती सुट्टीच्या दिवशीच मोबाइलवर उतरवून ठेवते, कारण बंदोबस्ताच्या जागी नेटवर्क असेलच असे नाही. स्वाध्यायांना ३० टक्के गुण असतात, म्हणून ते ती सर्वात आधी लिहून टाकते. बंदोबस्तामुळे पेपर बुडू शकतो, पण लिहून दिलेले स्वाध्याय कुठे जात नाहीत. तिच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात आणि डिसेंबरमध्ये नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. एका वर्षी ती तिकडे बंदोबस्ताला होती. दोन पेपर जूनवर गेले.

मला खटकते ते वेगळेच. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. खुनाचे कलम ३०२ होते, ते भारतीय न्याय संहितेत १०३ झाले. फसवणुकीचे ४२० होते, ते ३१८ झाले. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे, अशी तरतूदही नव्या संहितेत आहे. हे सगळे मावशी ठाण्यात शिकली, रोज वापरते आणि सुट्टीत मला समजावूनही सांगते. पंचनामा लिहिते, महिलांचे जबाब नोंदवते. पण तिच्या बीएमध्ये यातल्या कशालाच एक क्रेडिटसुद्धा नाही. तिथे तिला राज्यशास्त्र आणि इतिहासाचेच पेपर द्यायचे आहेत. ते विषय वाईट नाहीत, तिला इतिहास आवडतो. पण इंग्लंडसारखी नोंदवही इथे असती, तर ३६०० पैकी कितीतरी तास तिने वर्दीतच पुरे केले असते. आपल्याकडे २०२० च्या कायद्याने गांधीनगरला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ उभे राहिले आहे, क्रेडिट जमा ठेवण्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सही आहे. मग शिपायाच्या कामाचे क्रेडिट तिथे जमा करायला काय हरकत आहे?

काही गोष्टी पडद्यावर शिकता येत नाहीत, हे खरे. दारू पिऊन आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी कसे बोलायचे, हे मावशी हवालदारकाकांकडे बघून शिकली.

पालकांसाठी आणि पुढच्या वर्षी भरतीला उभे राहणाऱ्या दादांसाठी थोडी माहिती. दूरशिक्षणाच्या पदवीला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता लागते. फी भरण्याआधी विद्यापीठ आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम, दोन्ही त्या यादीत आहेत का ते पाहावे. ‘सहा महिन्यांत पदवी’ अशी जाहिरात दिसली तर वर केलेला तासांचा हिशोब पुन्हा करावा. नोकरीत असाल तर शिकण्याची परवानगी लेखी घ्यावी आणि परीक्षेचे वेळापत्रक लागले, की त्याच दिवशी त्याची प्रत अर्जासोबत ठाण्यात द्यावी. बंदोबस्ताची यादी एकदा लागली, की नाव बदलून मिळणे कठीण असते.