जुना संगणक वायफायला जोडताना

आमच्या पारनेर तालुक्यात शाळेला संगणक मिळतो तो आमदार निधीतून, सरकारी योजनेतून, नाहीतर सुप्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याने नवे घेऊन जुने देऊन टाकले म्हणून. तो किती वर्षं चालवायचा, हे कुणीच ठरवलेलं नसतं. आमच्या माध्यमिक शाळेच्या कार्यालयात विंडोज एक्सपीचा एक संगणक होता, संगणक कक्षात विंडोज सेव्हनचे होते. 2015 मध्ये शाळांची माहिती ऑनलाइन भरायची ‘सरल’ ही सरकारी प्रणाली आली, पुढे तशीच यूडायस प्लस, आणि इंटरनेटशिवाय शाळेचं पान हलेना. यथावकाश फायबरची जोडणी मिळाली, राउटर बसला, सगळ्या शिक्षकांचे मोबाइल चटकन जोडले गेले. घोडं अडलं ते जुन्या संगणकांपाशी.

दुरुस्तीवाला आला त्या दिवशी मी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. त्याने कार्यालयातला एक्सपी जोडून दिला, पैसे घेतले, सगळे खूश झाले. तो कसा जोडला होता ते वार्षिक परीक्षेच्या तोंडावर कळलं. नववीतला एक मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. “सर, हे आपल्याच शाळेचे पेपर आहेत का?” पडद्यावर आमच्या कार्यालयातल्या संगणकाचं नाव, त्याखाली ‘परीक्षा’ नावाचा फोल्डर आणि त्यात आठवी-नववीच्या प्रश्नपत्रिका. शाळा सुटल्यावर मुलं कंपाउंडच्या भिंतीवर बसून शाळेचं वायफाय वापरत होती. कारण त्याला पासवर्डच उरला नव्हता. जुना संगणक पासवर्ड घेत नाही म्हटल्यावर दुरुस्तीवाल्याने राउटरचं कुलूपच काढून टाकलं होतं. शिक्षकांनी प्रिंटरसाठी पूर्वीच सामायिक करून ठेवलेला फोल्डर त्यामुळे आपोआप गावाला खुला झाला. एक्सपीतली साधी सामायिक व्यवस्था बघणाऱ्याला पासवर्ड विचारत नाही. पेपर रद्द झाले आणि शिक्षकांनी रात्री जागून नवे काढले. त्या मुलाने सांगितलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तेव्हापासून शेजारच्या शाळा, वाचनालयं, दूध संस्था असं कुणी विचारायला आलं की मी आधी एवढंच विचारतो: संगणक नेमका कुठे अडतोय? कारण ‘वायफाय लागत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळे आजार असतात.

मोबाइलला दिसणारं वायफायचं नाव संगणकाच्या यादीत येतच नसेल, तर पासवर्डशी झटापट करण्यात अर्थ नाही. नवे राउटर दोन लहरींवर चालतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. संगणकातल्या जुन्या वायफाय कार्डांना बहुतेक वेळा फक्त पहिली ऐकू येते. राउटरमध्ये ती बंद असेल तर चालू करावी, आणि तिला वेगळं नाव द्यावं म्हणजे घोळ होत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कुणी तपासत नाही. राउटर स्वतःहून कधी कधी 12 किंवा 13 नंबरचं चॅनेल निवडतो. आपल्या देशात ते चालतं, पण काही जुनी कार्डं 11 च्या पुढे बघतच नाहीत. चॅनेल 1, 6 किंवा 11 वर ठरवून ठेवलं की हरवलेलं नाव दिसू लागतं.

नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडणी होत नाही, हा दुसरा आजार. लोक चुकीचं औषध करतात ते इथेच. आजची वायफाय डब्ल्यूपीए-2 किंवा डब्ल्यूपीए-3 या कुलपाने बंद असतात. मार्च 2006 नंतर वायफायचं प्रमाणपत्र मिळालेल्या उपकरणाला डब्ल्यूपीए-2 यावंच लागतं. त्याआधीच्या कार्डाला ते येईलच असं नाही. एक्सपीला तर 2008 चा सर्व्हिस पॅक 3 घातला नसेल तर आधी तो घालावा लागतो. राउटर फक्त डब्ल्यूपीए-3 वर असेल तर डब्ल्यूपीए-2 चालेल असं करावं. त्याखाली उतरू नये. डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप 2001 सालीच फोडलं गेलं आहे, आणि ते लावलं की सगळ्यांचा वेगही जुन्या 54 मेगाबिटच्या मर्यादेत येतो. म्हणजे एका संगणकापायी सुरक्षा जाते आणि बाकीच्यांचा वेगही. दुरुस्तीवाला काम संपवून निघाला की त्याच्यासमोरच आपल्या मोबाइलवर बघावं, वायफायच्या नावापुढे कुलूप आहे की नाही.

तिसऱ्या आजारात जोडणी होते, पण संकेतस्थळं उघडत नाहीत. अशा वेळी आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर 2032 चा गोल सेल संपला की संगणक दरवेळी जुन्या तारखेला उठतो आणि प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ त्याला खोटं वाटतं. सेल किरकोळ पैशांत मिळतो. तारीख ठीक असेल तर दोष बहुधा ब्राउझरचा, आणि तो विंडोजसोबतच म्हातारा होतो. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार 8 एप्रिल 2014 ला संपला, विंडोज सेव्हनचा 14 जानेवारी 2020 ला आणि विंडोज टेनचाही 14 ऑक्टोबर 2025 ला. बँकेचं किंवा पगाराचं काम एक्सपीवरून करू नये. मे 2017 च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दाखवून दिलं की अद्ययावत न केलेला एक संगणक त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या तशाच संगणकांना किती झपाट्याने बुडवतो.

संगणकातलं कार्डच कामाचं नसेल तर वायफायचं यूएसबी अडॅप्टर तीन-चारशे रुपयांपासून मिळतं, पण खोक्यावर आपल्या विंडोजचं नाव छापलेलं असेल तरच घ्यावं. ते टेबलाखाली, संगणकाच्या पत्र्याच्या डब्यामागे खोचलं की सिग्नल अर्धमेला होतो. आमच्या शाळेला दगडी भिंती आणि वर पत्रा, त्यात कार्यालयात लोखंडी कपाटांची रांग. साध्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरने अडॅप्टर खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि एका दांडीच्या चार दांड्या झाल्या. अडॅप्टर नसेल तर अँड्रॉइड मोबाइल वायफायला जोडून तो यूएसबी टेदरिंगने संगणकाला लावता येतो. विंडोज सेव्हनवर हे सहसा जमतं.

पण माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय लॅन पोर्ट असलेल्या रिपीटरचा. वायफायचं कुलूप तो उघडतो आणि संगणकाला फक्त वायर लावायची. संगणक कितीही जुना असो, लॅनची जागा बहुतेकांना असतेच. फक्त एका इमारतीतून दुसरीत तांब्याची केबल ओढू नये. वळवाच्या विजांत त्या केबलवाटे राउटर आणि संगणक दोन्ही जळू शकतात.

विद्यार्थ्यांना वायफाय द्यायचंच असेल तर राउटरमधलं गेस्ट नेटवर्क चालू करावं. त्यावरून आलेल्या मोबाइलला कार्यालयातले संगणक दिसू नयेत, अशी सोय बऱ्याच राउटरमध्ये असते. ती चालू आहे ना, हे एका मोबाइलवर पडताळून घ्यावं.

आम्ही संगणक कक्षातल्या चांगल्या यंत्रांवर लिनक्स घातलं. 2 जीबी रॅमवर हलकं लिनक्स बरं चालतं, इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टायपिंगही होतं. कार्यालयातला एक्सपी मात्र इंटरनेटला जोडलेला नाही. त्यात श्री-लिपी या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये टाइप केलेली जुनी निकालपत्रं आणि दाखल्यांच्या नोंदी आहेत, आणि तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर ती अक्षरं अगम्य होतात. दाखल्याची दुय्यम प्रत मागायला कुणी आलं की कारकून तो चालू करतात, प्रिंटरला थेट वायरने जोडून कागद काढतात आणि बंद करतात.